वजन फक्त मला माहीत होतं

मी बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस शिवते. रत्नागिरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं लहानसं दुकान आहे आणि घर खाडीपलीकडे भाट्याला. वय पंचेचाळीस. दिवसभर मी दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेते. कुणाची कंबर वाढली, कुणाची छाती उतरली, कोण आजारातून उठलं, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. माझं स्वतःचं अंग मात्र मी आरशात गळ्यापर्यंतच बघायची.

हे लिहायला मला बराच वेळ लागतोय. उजवा हात मध्येच थांबतो. पण माझ्यासारख्या जाड बायका डॉक्टरकडे का जात नाहीत ते मला माहीत आहे, आणि ते दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

दुकानात

त्या दिवशी सकाळी रेहानाभाभी आल्या होत्या. मिरकरवाड्याच्या, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. भाचीच्या लग्नासाठी ड्रेस शिवायचा होता. मी त्यांच्या छातीभोवती टेप लावली आणि टेपेचं एक टोक माझ्या उजव्या हातातून सुटलं. वाकून उचललं, परत सुटलं. बोटं टेपेवर होती, पण ती धरत नव्हती. मला वाटलं, सकाळपासून कात्री चालवली म्हणून हात अवघडला असेल.

मग मी माप सांगायला गेले. चाळीस म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच काहीतरी आलं, शब्द नव्हताच तो. भाभी हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी पुन्हा प्रयत्न केला आणि त्यांचं हसू थांबलं.

त्यांनी मला खांद्याला धरून ट्रायलच्या आरशासमोर उभं केलं. माझा उजवा ओठ खाली ओघळला होता. शिवण उसवल्यावर कापड लोंबतं तसा. मी तो वर करायचा प्रयत्न केला, तर डावीच बाजू हलली.

"ताई, माझ्या अब्बांचं असंच झालेलं," भाभी म्हणाल्या. "आम्ही त्यांना लिंबू-साखर देत बसलो. झोपून बरं वाटेल म्हटलं. दुपार गेली त्यात. चला, आत्ताच्या आत्ता."

मी हाताने खुणा करत होते, की दुकान बंद करायचंय, मशीनचं बटण चालू आहे. पाणी हवं अशीही खूण केली. पाणी त्यांनी मला दिलं नाही, घशात अडकेल म्हणाल्या. शेजारच्या चप्पलवाल्यांनी रिक्षा थांबवली. माझा उजवा पाय फरफटत होता. रिक्षात भाभींनी मला दोन्ही हातांनी कवेत धरलं होतं, आणि खरं सांगते, त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं की त्यांना माझं ओझं होत असेल.

टेबलावर

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हा होता, की हे सुरू कधी झालं. मला काही सांगता येत नव्हतं. भाभींनी सांगितलं, टेप सुटली तेव्हा. डॉक्टरांनी लगेच घड्याळाकडे बघितलं. तरुण होते, चष्मा लावलेले, फार हळू बोलणारे. त्यानंतर सगळं भराभर झालं. स्कॅनच्या त्या गोल यंत्रात मला घातलं, परत काढलं. डाव्या हाताला सुई लागली. ब्लडप्रेशर मोजलं आणि नर्सने आकडा मोठ्याने न सांगता डॉक्टरांना दाखवला.

तोवर माझे मिस्टर ऑफिसातून आले, पाठोपाठ भाट्याहून सासूबाई आल्या. सासूबाई माझा चेहरा बघून दारातच थांबल्या. "अगो बाय, काय झालं गो हे," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी मिस्टरांना माझ्या डोक्याशीच उभं राहून सांगितलं. मेंदूकडे जाणाऱ्या नसेत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते ठरावीक वेळेतच देता येतं. दिलं तर हात आणि बोलणं परत यायची शक्यता वाढते. मात्र कधी कधी त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होतो आणि माणूस जाऊ शकतो.

मला बोलता येत नव्हतं. ऐकू सगळं येत होतं. माणूस जाऊ शकतो म्हणजे मी, हेही कळत होतं.

मिस्टरांनी डोंबिवलीला नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, तिथे काही करू नका, वहिनीला मुंबईला आणा. फोनवरचा तिचा आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाले, मुंबईला पोचेपर्यंत या औषधाची वेळ संपलेली असेल. मिस्टर एकदा फोनकडे बघत, एकदा कागदाकडे. नवऱ्याचा इतका घाबरलेला चेहरा मी बाळंतपणातही बघितला नव्हता. शेवटी फोन सुरू असतानाच त्यांनी खिशात टाकला, माझ्यावर वाकले आणि विचारलं, "घ्यायचं का?"

मी मान हलवली. हो.

त्यांनी सही केली.

आकडा

मग नर्सने विचारलं, "वजन किती यांचं?"

डॉक्टरांनी समजावलं, की औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. कमी पडलं तर गुठळी तशीच राहील, जास्त झालं तर रक्तस्रावाची भीती वाढते. काट्यावर उभं करायला माझा पाय धरत नव्हता आणि पडून वजन करता येईल अशी खाट तिथे नव्हती.

"बहात्तर," मिस्टर म्हणाले. अगदी ठामपणे.

तो आकडा मीच त्यांना दिलेला. किती वर्षांपूर्वी कोण जाणे.

"काय बोलतोस," सासूबाई म्हणाल्या. "शंभरच्या वर असेल ती."

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. नजर पायापासून डोक्यापर्यंत फिरवली. मी ती नजर ओळखते, माप घेताना माझी तशीच असते. तरी मला पांघरूण ओढून घ्यावंसं वाटलं.

खरा आकडा फक्त मला माहीत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, त्याच्या बाहेर वजनाचा काटा असतो. थोड्याच दिवसांपूर्वी, गल्लीत कुणी नाही बघून, मी चपला काढून त्यावर चढले होते आणि आकडा दिसताच खाली उतरले होते. कुणालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांचं बोट माझ्या डाव्या मुठीत दिलं. "मी आकडे म्हणतो. बरोबर आला की दाबा. घाई करू नका, पण खरा सांगा."

"सत्तर."

मी हात सैल ठेवला. मिस्टर माझ्याकडे बघत होते.

"पंचाहत्तर."

"ऐंशी."

इथे माझी बोटं हलली. ऐंशी बरा होता. बहात्तरपासून फार लांब नव्हता, मिस्टरांना फार खोटी वाटले नसते. सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. पडद्याच्या त्या बाजूला रेहानाभाभी होत्या, त्यांनाही ऐकू जात असणार. आणखी कुणी कुणी होतं. मरायला टेकलेल्या बाईला असलं काही सुचतं का, असं कुणालाही वाटेल. मला सुचलं. मग मला माझा उजवा हात दिसला. तो माझ्या शेजारी पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मी डाव्या हाताची बोटं उघडीच ठेवली.

"पंच्याऐंशी."

डॉक्टर थांबले. त्यांना वाटलं असेल मला कळतच नाहीये.

"नव्वद."

मी दाबलं. जितकं जोर लावून दाबता येईल तितकं दाबलं.

"नव्वदच्या थोडं वर?"

मी परत दाबलं.

"एक्क्याण्णव?"

पुन्हा.

"शाबास," ते म्हणाले आणि नर्सकडे वळले. मिस्टरांनी मान खाली घातली होती.

आयसीयू

औषध शिरेतून गेलं आणि काहीच झालं नाही. मला वाटलं होतं, नळ सोडल्यासारखा हात चालू होईल. हात तसाच होता. त्यानंतरचं सगळं आठवतं ते प्रश्नांचं. हात वर करा. जीभ बाहेर काढा. नाव सांगा. डोकं दुखतंय का? दर थोड्या वेळाने तेच प्रश्न, तोच बॅटरीचा उजेड डोळ्यांत. डोकं दुखतंय का, हा प्रश्न मला नकोसा व्हायचा, कारण दुखणं म्हणजे रक्तस्रावाची सुरुवात असू शकते हे मी ऐकलं होतं. मी डोळे मिटून डोक्यात दुखणं शोधत बसायची. शोधलं की सापडल्यासारखं वाटायचं. मग पुन्हा शोधायची.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. ते सांगताना डॉक्टरांनी पहिल्यांदा चष्मा काढून डोळे चोळले.

ऋतुजा, माझी मुलगी, दापोलीला कृषीच्या कॉलेजात शिकते. निरोप मिळाल्यावर ती मिळेल त्या गाडीने आली होती. ती आत आली तेव्हा मी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "सुई." तिला कळेना. मी परत म्हणाले, "सुई." माझ्या पोटच्या पोरीचं नाव मला येत नव्हतं. तिने माझे गाल धरले आणि म्हणाली, "चालेल आई. सुई तर सुई." मग बाहेर जाऊन रडली असणार, कारण परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्या वॉर्डात एक आया होत्या. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या केसांचा गुंता झाला होता, तो त्यांनी सावकाश सोडवून दोन वेण्या घातल्या. मला कूस बदलायला दोघी-तिघी लागायच्या आणि प्रत्येक वेळी मी लाजेने डोळे मिटायची. त्या आया मात्र हात घालताना रोज काहीतरी दुसरंच बोलत राहायच्या. नळाला पाणी आलं नाही, बांगडा महाग झालाय, असलं काहीबाही. माझ्या अंगाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. कुणाला वाटेल ही केवढीशी गोष्ट. मला ती केवढीशी वाटली नाही.

लाज

हात हळूहळू खांद्यापासून जागा होत गेला. शब्द परत यायला लागले, पण चुकीच्या जागी. मिस्टर रोज ऑफिस सुटल्यावर येऊन बसायचे. एका संध्याकाळी मोसंबी सोलता सोलता म्हणाले, "मी बहात्तर सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर?"

त्यांनी एक फोड माझ्या डाव्या हातात दिली.

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर मोठं होतं. वर्षभरापूर्वी मला चक्कर आली होती, तेव्हा एका दवाखान्यात ब्लडप्रेशर निघालं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन कमी करून महिन्याने या. महिना झाला, वजन कमी झालं नाही. मग कसं जायचं? कमी झालं की जाऊ, असं ठरवलं. गोळ्या संपल्या. कमी झालं की आणू, असं ठरवलं. कुठल्याही दवाखान्यात गुडघा दाखवला, घसा दाखवला, तरी पहिलं वाक्य वजनाचंच असायचं. लग्नांच्या हंगामात मी पाठ मोडेपर्यंत मशीनवर बसायची, दुपारचं जेवण चुकायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चहा व्हायचा आणि घरी आल्यावर उरलेला भात सगळा माझ्या ताटात. हे मला त्यांना सांगायचं होतं. तोंडात एकच शब्द आला.

"ला... लाज."

त्यांनी मोसंबं खाली ठेवलं. "माझी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

ते उठले, चहा घेऊन येतो म्हणाले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात चहा नव्हता. खुर्ची माझ्या उजव्या बाजूला ओढली आणि माझा तो निकामी हात मांडीवर घेऊन फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्यासारखी एकेक बोट उघडायला लागले. चुकीची उघडत होते. मी सांगितलं नाही.

घरी

घरी आल्यावर बघायला माणसं यायला लागली. प्रत्येकाला कारण माहीत होतं. सासूबाई सांगायच्या, "खाण्याने झालं, दुसरं काय." पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलवायचे. एकदा ऋतुजा सगळ्यांसमोर आजीला म्हणाली, "आजी, ती इथेच बसलीये, तिला ऐकू येतं." त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला आंघोळ घालताना त्या पाठीमागून म्हणाल्या, "मी बोलते ती भीतीने बोलते गो. तुझ्या सासऱ्यांना ओटीवर वारा गेला, तेव्हा मी तेल चोळत बसले होते." वारा जाणं म्हणजे लकवा, आमच्याकडे जुनी माणसं तसंच म्हणतात. सासरे कसे गेले ते लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या पाणी ओतत राहिल्या, बादली रिकामी होईपर्यंत.

स्वयंपाक बदलला. लोणचं, पापड, सुकी मासळी माझ्या ताटातून गेली. भाताची मूद लहान झाली. पहिले काही दिवस मला भूक नव्हे, राग यायचा. सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात. एकदा मी ताट उचलून मागच्या पडवीत जाऊन जेवले. मग मिस्टरांनी त्यांचं ताटही माझ्यासारखंच वाढायला सांगितलं. ते काडीसारखे बारीक आहेत. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हटलं, यांचंही ब्लडप्रेशर बघा. शब्द अडखळत आले, पण आले. डॉक्टरांनी पट्टा बांधला, मोजलं, परत एकदा मोजलं आणि त्यांनाही गोळी सुरू केली. बाहेर पडल्यावर मिस्टर गोळ्यांची चिठ्ठी उलटसुलट करून बघत होते. "मला तर कधी कुणी विचारलंच नव्हतं," म्हणाले.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, वजनामुळेच झालं का? ते म्हणाले, वजनाने धोका वाढतो, ब्लडप्रेशर त्याच्याबरोबर चढतं, पण तुमच्या गोळ्या सुटल्या नसत्या तर कदाचित हा दिवस आला नसता. वजन उतरो न उतरो, गोळी घ्यायची आणि मला तोंड दाखवायचं. वाढलं तरी यायचं. हे वाक्य मला वर्षभरापूर्वी हवं होतं.

हात

फिजिओथेरपी म्हणजे वाटीतून चवळीचे दाणे उचलून दुसऱ्या वाटीत टाकणं. मी बारीक हूक लावणारी बाई, आणि चवळी पकडता येईना. दाणे घरभर सांडायचे. चिडून एकदा वाटी भिरकावली आणि नंतर लक्षात आलं, उजव्या हाताने भिरकावली.

दुकान आता उघडलंय. कटिंगला एक बाई ठेवली आहे. मापं मी घेते, सरळ शिलाई मी मारते. काजं करायला अजून जमत नाही. वजन थोडं उतरलं, मग थांबलं, मध्ये थोडं चढलंही. चढलं तेव्हा तपासणीला जायच्या सकाळी जाऊच नये असं वाटत होतं. तरी गेले. रेहानाभाभींचा तो ड्रेस वेळेत झाला नाही, लग्न होऊन गेलं. मागाहून शिवून दिला तेव्हा त्या म्हणाल्या, ईदला घालीन.

भीती गेली असं कुणी सांगत असेल तर मला तसं सांगता येणार नाही. जीभ चावली गेली तरी मी आरशासमोर जाऊन ओठ बघते. एखादा शब्द पटकन आठवला नाही तर काम टाकून तो शोधत बसते.

मागच्या महिन्यात सकाळी जाग आली आणि उजव्या हाताला बोटंच नाहीत असं वाटलं. खोलीत नुकतं उजाडत होतं. मिस्टर शेजारी झोपलेले. मी पडून राहिले आणि मला माझेच जुने विचार ऐकू आले. आत्ता कशाला उठवायचं. थोडं थांबून बघू. काही नसलं तर सगळे काय म्हणतील. परवाच दोन वेळा भात घेतला होता, तेही निघेल.

"अहो," मी म्हटलं, "हात."

ते उठून बसले ते शर्ट शोधतच. सासूबाईंनी दार उघडून धरलं. स्कूटरवर मी त्यांच्या कमरेला डाव्या हाताने घट्ट धरलं होतं आणि भाट्याच्या पुलावर ते मोठ्याने म्हणत होते, बोल काहीतरी, बोलत राहा. मी येणाऱ्या पाट्या वाचत होते, समोरच्या ट्रकवरचा नंबर वाचत होते.

हॉस्पिटलमध्ये त्या वेळी एक वेगळ्याच डॉक्टर होत्या. त्यांनी सगळं तपासलं. हात वर, जीभ बाहेर, नाव सांगा. तोवर बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. हात अंगाखाली दबला होता, बाकी काही नव्हतं. मी त्यांना म्हणाले, उगाच त्रास दिला.

"पुढच्या वेळीही असाच द्या," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

येताना पुलावर मिस्टरांनी स्कूटर कडेला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते उतरले आणि कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचे हात थरथरत होते, गाडी धरवत नव्हती. खाली खाडीतून होड्या बाहेर पडत होत्या.

"सावकाश," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."

हात थांबेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. मग घरी आलो. सासूबाई ओटीवर उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, आणि आम्हाला दोघांनाही अंगणातून चालत येताना बघून आत चहा ठेवायला गेल्या.